रविवारी सकाळी येतो

मी भित्री होते, हे आधीच सांगून टाकते. भित्री आणि आगाऊ. या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदतात कोण जाणे, पण माझ्यात नांदत होत्या. वर्गात सरांनी फळ्यावर अधिकच्या जागी उणे टाकलं की माझा जीव वरखाली व्हायचा, पण उठून सांगायची छाती नव्हती. मग ते मी घरी येऊन एका वहीत लिहायचे. वहीवर मोठ्या अक्षरात ‘चुका’ असं लिहिलं होतं. सरांच्या, पाठ्यपुस्तकाच्या, वर्तमानपत्राच्या, गोष्टींतल्या, सगळ्यांच्या चुका त्यात होत्या. माझ्या स्वतःच्या तेवढ्या नव्हत्या.

ही चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरची गोष्ट. आम्ही सांगलीत पेठेच्या मागच्या गल्लीत राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, हळदीचा व्यापार करायचे. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि हातात येईल ते वाचत होते. वाचनालयाचं कार्ड अण्णांच्या नावावर होतं, पण अण्णांनी त्यावर कधी एक पुस्तक आणलं असेल तर शपथ. विज्ञानकथा म्हटलं की मी वेडी व्हायचे. मंगळावर जायला किती दिवस लागतील याचं गणित मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशानं केलं होतं, आणि ते करताना स्टोव्हवरची आमटी करपली होती. आई म्हणाली, मंगळावर जा बाई, पण आधी हे पातेलं घासून जा.

आमच्या घरात पोरीच्या जातीला एवढं शिकू देत होते तेच खूप होतं. माझ्या चुलत बहिणीला एवढंही मिळालं नव्हतं. तिच्या पुस्तकात कुठल्याशा मुलाची चिठ्ठी सापडली. चार ओळींची. तिनं उत्तरसुद्धा दिलं नव्हतं. आठवड्यात तिचं कॉलेज सुटलं आणि दीड महिन्यात ती अथणीकडे नांदायला गेली. तेव्हा अण्णा मला एकदाच म्हणाले होते, की तुझं शिक्षण मी पुरं करणार, पण असला बोभाटा माझ्या दारात यायला नको. आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर मी एवढी घाबरले नसते.

आता हे सगळं माहीत असून मी काय केलं बघा. एका मासिकात चंद्रावरची गोष्ट आली होती. तिच्यात नायकाच्या पाठीमागं स्फोट होतो आणि तो आवाज ऐकून नायक मागे वळतो. चंद्रावर हवा नाही, तर आवाज येईलच कसा? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वहीत लिहून भागेना. मी सरळ संपादकांना पत्र लिहिलं, खाली नावाची आद्याक्षरं आणि आडनाव टाकलं, घरचा पत्ता दिला. पुढच्या अंकात ते छापून आलं. संपादकांनी नावाआधी ‘श्री.’ लावलं होतं आणि पत्ता होता तसा पुरा छापला होता. छापील अक्षरात आपलं पत्र बघून मला जो आनंद झाला, त्यात ‘श्री.’चं काही वाटलं नाही. उलट बरं झालं म्हटलं, कुणाला कळणार नाही.

पंधरा दिवसांनी माझ्या नावानं एक आंतर्देशीय पत्र आलं, अर्थात ‘श्री.’ लावून. म्हसवडजवळच्या एका गावातून. अक्षर उभं, नीट, एक खाडाखोड नाही. त्यांनी लिहिलं होतं, की आपलं म्हणणं बरोबर आहे, पण पुरं नाही. हवा नसली तरी पायाखाली जमीन आहे. हादरा जमिनीतून येईल, बुटांतून अंगात शिरेल आणि नायक वळून बघेल. तोफ उडाली की ती आधी पायाला कळते, मग कानाला.

मी ते पत्र चारदा वाचलं. बरोबर होतं हो! इतका राग आला मला, आणि इतकं छान वाटलं, की काय सांगू. माझ्याशी असं कधी कोणी बोललंच नव्हतं. मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं आणि ‘श्री.’ तसंच राहू दिलं.

वर्षभरात त्यांची अकरा पत्रं आली. काळ मागं नेता येईल का, प्रकाशाच्या पुढं पळता येईल का, जवळच्या ताऱ्यापर्यंत जायला किती पिढ्या लागतील, असली सगळी. आंतर्देशीयच्या मिटायच्या पट्टीवरही ते गणित करायचे. एकदा त्यांनी माझी दशांश चिन्हाची चूक काढली, तर मी चार दिवस घरात कुणाशी धड बोलले नाही. आपण कोण, काय करतो, वय किती, यातलं एक अक्षर त्यांनी कधी लिहिलं नाही आणि मी तर लिहिणं शक्यच नव्हतं. माझ्या डोक्यात एखादा तरुण प्राध्यापक बसला होता, चष्मा लावणारा.

पोस्टमन साडेदहाला यायचा. तोवर अण्णा पेठेत गेलेले असत. आई सीमेपलीकडची, ती कन्नड वाचायची, मराठी अक्षर तिला लागत नसे. कुणाचं गं, म्हणून विचारलं की मी मैत्रिणीचं म्हणून सांगायचे. तिचा माझ्यावर विश्वास होता. आणि तरी मी प्रत्येक वेळी पुढच्या पत्राची वाट बघायचे.

मग एका शुक्रवारी बारावं पत्र आलं. चारच ओळी. ‘सोमवारी मिरजेस काम आहे. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास आपल्याकडे येतो. वर्षभर ज्यांना वाचलं त्यांना एकदा समोर बसून पाहावं अशी फार इच्छा आहे. जेवणाची तसदी घेऊ नये.’

रविवारी पेठ बंद, अण्णा घरी, ओट्यावर पेपर घेऊन बसलेले. तिथं एक परका तरुण येणार, माझं आडनाव विचारणार आणि म्हणणार, यांची मला वर्षभर पत्रं येतात. चार ओळींच्या चिठ्ठीला दीड महिना लागला होता. बारा पत्रांना किती लागला असता? आमच्या घरातलं माझं शेवटचं वर्ष ते, असं मी धरूनच चालले.

तार करावी म्हटलं, तर तार ऑफिसातला कारकून अण्णांच्या रोजच्या बसण्यातला. मी तार केली असती तर ती म्हसवडला पोचायच्या आधी अण्णांना पोचली असती. स्टँडवर जाऊन गाठावं म्हटलं, तर चेहरा कुणाला माहीत? आणि रविवारी सकाळी स्टँडवर येणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडे टक लावून बघणारी पोरगी पेठेतल्या कुणी पाहिली असती म्हणजे? शनिवारभर मला अन्न गेलं नाही. आई म्हणाली, परीक्षा आली का गं? मी हो म्हटलं. एकदा वाटलं, अण्णांना आपणच सांगून टाकावं. दोनदा त्यांच्यासमोर जाऊन उभीही राहिले. एकदा ते म्हणाले काय गं, तर मी म्हटलं, चहा ठेवू का?

रविवारी दहापासून मी दाराआडच्या खिडकीशी तांदूळ निवडत बसले. निवडलेलेच तांदूळ परत निवडत होते. गल्लीत कुणी बेलबॉटमवाला, कल्ले राखलेला दिसला की तांदूळ तसेच ठेवून बघत राहायचे. तो पुढं निघून गेला की पुन्हा निवडायला लागायचे. सव्वाअकरा झाले. साडेअकरा झाले. मला वाटायला लागलं, वाचले.

तेवढ्यात एक म्हातारा आला. पासष्टी ओलांडलेला, ताठ कण्याचा, डोक्याला फेटा, धोतर आणि पायात पॉलिश केलेले लष्करी बूट. खांद्याला कापडी पिशवी. तो दारांवरच्या पाट्यांना अगदी नाक लावून त्या वाचत येत होता. आमच्या पाटीशी थांबला.

अण्णांनी त्याला वर बोलावलं. बसायला सांगितलं. आईनं आतून मला पाणी न्यायला खुणावलं. मी तांब्या उचलला आणि दाराआडच थांबले. बाहेरचं बोलणं सगळं ऐकू येत होतं. म्हातारा सांगत होता, की आपण सैन्यात वायरलेसवर होतो, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालाय, उद्या मिरजेला दाखवायचंय. ऑपरेशन झालं की पुन्हा दिसेलच असं डॉक्टर छातीवर हात ठेवून सांगेनात. म्हणून त्याआधी एकाला भेटून जावं म्हटलं. मग त्यानं माझी आद्याक्षरं आणि आडनाव सांगितलं.

“हितंच राहत्यात न्हवं? शास्त्रावर लय भारी लिवतात. माझ्यापाशी त्यांची सगळी पत्रं हायती, बघा.”

आणि त्यानं पिशवीत हात घातला.

माझं अक्षर अण्णा अंधारात ओळखतील. व्यापाऱ्यांना जाणारी त्यांची पत्रं मीच लिहायचे. मी तांब्या घेऊन बाहेर कशी आले ते मला आठवत नाही. आवाज फुटला तो मात्र आठवतो, अगदी सहज, रोजचा असावा तसा.

“अण्णा, ते मागच्या वाड्यातले भाडेकरू. आपल्याच आडनावाचे. त्यांची पत्रं चुकून आपल्याकडे यायची. ते गेले की पुण्याला, घर सोडून.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. असतील, म्हणाले. भाडेकरूंकडे त्यांचं कधी लक्षच नसायचं. म्हाताऱ्याचा हात पिशवीतच होता. त्यानं तो सावकाश रिकामाच बाहेर काढला.

“पुण्याला गेलं व्हय,” तो म्हणाला. “त्या पोरानं कळवलं न्हाई मला.”

मग त्यानं पाणी घेतलं. तांब्या परत देताना माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं आणि काय शिकतीस म्हणून विचारलं. मी बी.एस्सी. म्हटलं. विषय विचारला. मी फिजिक्स म्हटलं. त्यानं मान हलवली. अण्णा म्हणाले, जेवून जावा की, एवढ्या लांबून आलाय. तो नको म्हणाला, मिरजेची गाडी गाठायची होती. पायऱ्या उतरताना त्यानं प्रत्येक पायरी आधी बुटानं चाचपून पाहिली. मी दारातच उभी होते. एक हाक मारायची होती फक्त, आणि मी ती मारली नाही.

अण्णांनी पेपर पुन्हा उघडला. म्हणाले, “कोण असेल तो, पण माणूस नालायक. म्हाताऱ्याला एवढ्या लांबून यायला लावलं आणि साधं एक कार्ड टाकलं नाही. असला माणूस माझ्या दारात आला असता, तर दोन तास बसवून सुनावलं असतं मी.”

मी आत गेले आणि तांब्या घासत बसले. त्या दिवशी मला भीती उरली नव्हती. तिच्या जागी जे आलं होतं ते भीतीहून वाईट होतं, आणि माझं कॉलेज मात्र शाबूत होतं.

दीड महिन्यानं पोस्टमन आला. आंतर्देशीय हातात धरून म्हणाला, “ताई, ह्याच्यावर लिवलंय, पुण्याला धाडावं म्हणून. धाडू का?” वर्षभर ‘श्री.’ची पत्रं तो माझ्याच हातात देत आला होता. द्या इकडं, मी म्हटलं. त्यानं दिलं आणि सायकलवर बसला.

अक्षर वेगळं होतं, बाईचं. सुनेकडून लिहून घेतो आहे, असं सुरुवातीलाच होतं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी अजून आहे, वाचन बंद. आपण पुण्यास गेल्याचं कळलं, कामाच्या गडबडीत कळवायचं राहून गेलं असेल, वाईट वाटून घेऊ नये. आणि शेवटी होतं: ‘आपल्या जुन्या पत्त्यावरच्या घरात एक मुलगी आहे. ती फिजिक्स शिकते. आपली जुनी मासिकं तिला पाठवावीत. तिला कुणीतरी बोलायला हवं असेल.’

त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारत आले आहे.

मी माडीवर जाऊन लिहायला बसले. चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं, मी पुण्याला गेले नाही, त्या दिवशी पाणी घेऊन आले ती मीच. खाली पूर्ण नाव लिहिलं, कुमारी लावून. उत्तर आलं तर त्या नावानं येणार होतं, आमच्या पत्त्यावर, आणि अण्णांची तब्येत बरी नसल्यानं पुढचे काही आठवडे ते घरीच असणार होते. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी चप्पल घातली, कोपऱ्यावरच्या पेटीपाशी गेले आणि पत्र आत सोडलं.

ते तळाशी पडल्याचा आवाज आला मात्र, मी घाबरून पेटीच्या फटीत हात घातला. हात मनगटापर्यंतच जात होता.