परळच्या मिलमधली गुणगुणणारी तार

"तुमच्या माणसानं माझ्या दिव्याची वीज टेलिफोनात सोडली आहे," मिलचे मॅनेजर म्हणाले. "विश्वास नसेल तर ऐका."

मी रिसीव्हर कानाला लावला. पलीकडून मिलच्या कोटातल्या, म्हणजे फोर्टमधल्या, पेढीवरचा कारकून बोलत असावा. असावा एवढंच, कारण पितळी पातेल्यात भुंगा कोंडावा तशी नुसती गुणगुण येत होती. मॅनेजरनी शेडमधले दिवे बंद करवले. गुणगुण थांबली. कारकून बिचारा "हॅलो, हॅलो" करत होता. दिवे लागले आणि भुंगा परत आला.

गोष्ट अठराशे नव्वदनंतरची, प्लेगच्या आधीची. तेव्हा मुंबईत टेलिफोन मोजक्यांकडे आणि विजेचे दिवे त्याहून मोजक्या जागी. या मिलमध्ये दोन्ही होतं. डायनॅमो मिलचा, टेलिफोन आमच्या कंपनीचा. मी कंपनीचा लाइन इन्स्पेक्टर. राहायला गिरगावात, डोकं जरा तापट.

मिलच्या आवारातली तार ओढली होती पोशानं. पोशा म्हणजे आमचा लाइनमन, कुलाब्याच्या कोळीवाड्यातला. लहानपणापासून होडीच्या डोलकाठीवर चढलेला, त्यामुळे खांबावर चढायला त्याला शिडी लागत नसे. त्याची तार इतकी सरळ असायची की खालून पाहत राहावं.

त्याच दिवशी, बुधवारी, मी सुपरिंटेंडेंट साहेबांना रिपोर्ट दिला. साहेब मूळचे जहाज कंपनीतले. विजेशी त्यांचा संबंध दिवा लावण्यापुरता.

"वीज तारेला तार लागल्याशिवाय जात नाही," ते म्हणाले. "कुठेतरी कॉन्टॅक्ट आहे. म्हणजे लाइनमननं काम बिघडवलं. उद्या कोणाला शॉक बसला तर? शनिवारपर्यंत कॉन्टॅक्ट शोधा. आणि शनिवारी त्या माणसाला घरी पाठवा."

इथे मला एक गोष्ट बोलायला हवी होती. आवारात आमचे वेगळे खांब रोवायचं ठरलं होतं. पण मिलचे दिव्याचे खांब आयते उभे होते, म्हणून मीच म्हटलं, त्यांच्यावरूनच तार घ्या. पोशा तेव्हा म्हणाला होता, "रावसाहेब, दोन दोर शेजारी शेजारी ताणू नयेत. होडीवर आमी कदी ताणत नाय. येक दुसऱ्याला तरास देतो."

"ही होडी नव्हे," मी त्याला झापलं होतं.

साहेबांसमोर मात्र मी मूग गिळून बसलो. आधी कॉन्टॅक्ट सापडू दे, मग बघू, असं मनाला समजावलं. खरं सांगायचं तर भ्यालो होतो. हेड इन्स्पेक्टरची जागा रिकामी होणार होती आणि माझा डोळा तिच्यावर होता.

तीन दिवस आम्ही लाइन तपासली. इन्सुलेटर म्हणजे खांबावरची चिनीमातीची वाटी, जिच्यामुळे तार खांबाला लागत नाही. एकूण एक वाटी शाबूत. दिव्याची तार आमच्या तारेपासून दोन हात दूर, तिच्यावरचं रबर धड. पोशा कामापुरतं बोलायचा. तो निर्दोष आहे हे मला दिसत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर रोज त्याच्यासोबत खांब मोजत होता. रात्री जेवण गोड लागेना.

शुक्रवारी मला वाचलेलं आठवलं. मिलच्या या जातीच्या डायनॅमोची वीज पाण्यासारखी एका दिशेनं वाहत नाही. ती क्षणाक्षणाला पुढे-मागे होते, आणि तसं होताना शेजारच्या तारेतही वीज उठवते. मधे हवा असली तरी. याला इंडक्शन म्हणतात. विलायती मासिकात तर लिहिलं होतं की कोणी एक शास्त्रज्ञ तारेशिवाय काचेच्या नळ्या पेटवून दाखवतो, पुढेमागे घरोघरी वीज अशीच जाईल. जाईल बापडी. आमची अडचण उलटी होती: न बोलावता आलेली वीज घालवायची कशी?

दिवेलागणीला मी एक कोरी तार बांबूंवर बांधली, दिव्याच्या तारेपासून दोन हातांवर. दोन्ही टोकं जमिनीत, मधे रिसीव्हर. मॅनेजरना म्हटलं, "ही कशालाही लागलेली नाही. ऐका."

त्यांनी ऐकलं. "गुणगुणतेय."

"आता बांबू लांब नेतो."

वीस पावलांवर गुणगुण जवळजवळ विरली. मॅनेजर बांबूंकडे पाहत राहिले. म्हणाले, "म्हणजे तार जितकी सरळ आणि शेजारी, तितका त्रास जास्त?" तसंच होतं. पोशाचं सुंदर कामच आम्हाला नडलं होतं.

शनिवारी साहेबांना सगळं सांगितलं. पोशा दाराशी उभा होता.

"मग चूक कोणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी," मी म्हणालो. "खांब मी ठरवले. पोशा नको म्हणत होता."

साहेबांनी माझा रिपोर्ट पुढे ओढला. मग म्हणाले, "दुरुस्त करा. आणि हे लिहून द्या."

उपाय पुस्तकात होता. एकाऐवजी रबर चढवलेल्या दोन तारा घ्यायच्या, एक जायची, एक यायची, आणि त्या एकमेकींत पिळायच्या. मग बाहेरची वीज दोघींत सारखी शिरते आणि परस्पर फिटते. पण तीनशे हात तार सारख्या पिळाची वळायची कोणी? विलायतेहून मागवायची तर दोन महिने.

"दोरच वळायचा ना?" पोशा म्हणाला. "आमची आय वळंल."

कोळीवाड्याच्या वाळूत त्याच्या म्हातारीनं ती तार वळली. टोकं दोन मुलांनी धरली होती आणि ती पिळावर बोटं फिरवत मागे मागे सरकत होती. मी जवळ गेलो तर वर न बघता म्हणाली, "येक बाजू ढिली सोडली का भार दुसरीवर जातो, रावसाहेब." मी मान डोलावली. निघताना तिनं मला सुक्या बोंबलांची जुडी दिली.

नवी तार चढली. दिवे लागले. कोटातला कारकून इतका स्पष्ट ऐकू आला की त्याचा खोकलाही कळला. माझ्या सर्व्हिस बुकात लाल शाईची एक ओळ पडली आणि हेड इन्स्पेक्टरची जागा दुसऱ्याला गेली. वाईट वाटलं, नाही असं नाही.

परतताना मी पोशाला म्हटलं, "तुझ्या आईला बरं वाटलं असेल."

"तीन दिवस जेवली नव्हती," तो म्हणाला. "नोकरी जाते म्हणून."

"खांब मी ठरवले, हे तिला ठाऊक होतं?"

"पयल्या दिवसापासून."

"मग बोंबील कशाला दिले?"

"शनिवारी बोललात म्हणून," पोशा म्हणाला. "बुधवारी बोलला असतात तर ताजं पापलेट दिलं असतं."

तेव्हापासून नवी लाइन टाकण्याआधी मी लाइनमनला विचारत असे. पटलं नाही तरी त्याचं म्हणणं वहीत लिहून ठेवत असे, त्याच्या नावासकट.