एकाचं बटण

सुग्रीवच्या टाइपरायटरला एकाचं बटणच नव्हतं. जुन्या इंग्रजी मशीनी तशाच असायच्या; एक लिहायचा तर बारीक एल दाबायचा, शून्याला मोठा ओ. परभणीच्या कचेरीसमोर बसून पंचवीस वर्षं त्यानं असेच अर्ज बडवले. माणसाच्या डोळ्याला एल काय अन् एक काय, सगळं सारखंच!

पण नव्वद साली राधाकिशन सरांनी कॉम्प्युटरचा क्लास काढला आणि प्रोग्रामच्या नोट्स टाइप करायला त्यालाच दिल्या. पोरांनी त्यातलं अक्षर न् अक्षर जसंच्या तसं दाबलं. कॉम्प्युटर काही ऐकेना. हर ओळीला चूक!

"काका, हे एक न्हाई, एल हाय," क्लासमधली चांगुणा कागद घेऊन आली. "सर म्हणले, सगळे दुरुस्त करून द्या. उद्या परीक्षा हाय."

ती बोट ठेवायची, सुग्रीव एल खोडून पेनानं एक काढायचा. एका ओळीत बाराचा आकडा होता. त्यातला एल पुसट उठलेला, नुसता दोनच दिसत होता. सुग्रीवनं पेन खाली ठेवलं.

बारा वर्षं असाच दोनाचा आकडा त्याच्या मानगुटीवर बसला होता. जेवताना, अंघोळ करताना, गिऱ्हाईक समोर असताना. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत दलितांची एक वस्ती जळाली, तेव्हा तिथला एक माणूस अर्ज टाइप करायला आला होता. बारा घरं जळाली म्हणून. एलचा ठसा कमजोर. कार्बनखालच्या तिसऱ्या कागदावर तो उठलाच नाही. सुग्रीवनं ते पाहिलं होतं, बरं का! पेन खिशातच होतं. पण पलीकडं टवाळ पोरांचा घोळका उभा. ह्या लोकांचं काम करताना आपल्याला पाहतील, म्हणून त्याची पाचावर धारण बसली, आणि त्यानं कागद तसेच त्या माणसाच्या हातात कोंबले. तोच तिसरा कागद पुढं गेला. सरकारी मदतीचे, छपराचे पत्रे दोनच घरांना आले.

"आमचं असंच झालतं, काका," चांगुणा त्या दोनाकडं बघत म्हणाली. "वस्तीचा अर्ज माझ्या बापानं, आश्रुबानं दिलता. बाराचे दोन झाले. लोक म्हणले, ह्यानंच आकडा चुकीचा सांगितला. मरेपर्यंत बोटं मोजत विचारायचा, मी बाराच म्हणलो होतो ना गं?"

सुग्रीवला वाटलं, उठावं अन् पळावं. पळाला नाही, एवढं तरी त्याच्या पदरात टाका.

"बाराच म्हणला होता तुझा बाप," तो म्हणाला. "मीच टाइप केलं. एक उठला न्हाई, ते दिसलं मला. भ्यालो अन् तसंच दिलं."

चांगुणानं आधी राहिलेल्या ओळी त्याच्याकडून दुरुस्त करून घेतल्या.

"मला कशाला सांगायलात? मायनंबी तो मरेपर्यंत त्यालाच बोल लावला. ती पालमला हाय. तिला सांगा."

"ती मला काय म्हणंल?"

"ते मला न्हाई माहीत."

सुग्रीवनं पालमच्या गाडीची वेळ विचारली. तिनं सांगितली.