फिट येऊ दे रे देवा!

दवाखान्यात काम करणाऱ्यांकडं किस्से साठतातच, पण आमच्या ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख काढायच्या रूममध्ये जरा जास्तच. डोक्याला तारा चिकटवून माणूस दिवसभर एका जागी बसलेला! बोलणार नाही तर करणार काय? मी बेळगावातल्या या रूमची टेक्निशियन, उचगावची, तोंडानं फटकळ. लई पेशंट बघितले, पण समूच्या घरच्यांनी जेवढे किस्से दिले तेवढे कुणी दिले नाहीत.

समू चार वर्षांची, कोगनोळीची. जैन शेतकऱ्याचं घर. किती औषधं बदलली, तरी फिट रोज यायच्या. डॉक्टर म्हणाले, मेंदूत फिट जिथून उठते ती जागा सापडली तर ऑपरेशन करून काढता येईल. पण ती जागा बोलण्याच्या भागाला लागून असावी, असा त्यांचा अंदाज. म्हणजे फिट जातील, पण बोलणंही जाऊ शकतं. आणि ही पोरगी बोलायची किती! पहिल्याच भेटीत मला म्हणाली, "तू माझ्या डोस्क्याला शेण का लावालीस?"

अहो, ती तारा चिकटवायची पेस्ट होती!

* * *

जागा शोधायची तर फिट कॅमेऱ्यात सापडावी लागते. म्हणून डॉक्टरांनी औषध कमी केलं, मी कॅमेरा लावला, आणि फिट गायब! सकाळ गेली, दुपार गेली. समूची आज्जी वैतागली, "घरात मागं लागल्यागत येत्यात, आनि हितं लाजत्यात व्हय?" शेजारच्या बेडवाले येता-जाता विचारायचे, "आली का हो?" जणू कोल्हापूरची बस!

समूची आई मात्र बाहेर येऊन माझ्यापाशी रडली. "ताई, ह्या फिट जाव्यात म्हणून किती देव केलं. आता 'येऊ दे रं देवा' म्हणायचं? आई हाय का कोन मी?"

मी तिला चहा पाजला. मलाही लई वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

* * *

मग एकदाची फिट आली! मी स्क्रीनकडं धावले. स्क्रीनवर काय? आज्जीची पाठ! कॅमेऱ्यापुढं उभी राहून आज्जी नातीच्या नाकाला कांदा लावत होती.

"आज्जी, सरका!" फिट संपली, पण पाठ काही हलली नाही.

मी तणतणतच आत गेले. "आणि तुमच्यात कांदा चालतो का?"

आज्जी ठसक्यात म्हणाली, "उंबऱ्याच्या आत येत न्हाई! ह्यो खायाचा न्हवं, हुंगायचा हाय!"

कांद्यानं फिट थांबत नाही, हे मी तिला चांगलं अर्धा तास समजावलं. पुढची फिट आली तेव्हा नर्सनं पोरीला कुशीवर केलं, आणि आज्जी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिली. डोळ्यांतनं घळाघळा पाणी, पण जागची हलली नाही. ते रेकॉर्डिंग इतकं स्वच्छ आलं की डॉक्टरांना हवी ती जागा सापडली.

* * *

ऑपरेशन ठरलं आणि जावळ आडवं आलं.

घरच्यांचा नवस होता, फिट थांबल्या की मगच जावळ. सर्जन म्हणाले, केस काढल्याशिवाय ऑपरेशन नाही, आणि ऑपरेशनशिवाय फिट थांबणार नाहीत. घ्या आता!

समूच्या आजोबांनी, म्हणजे आप्पांनी, कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "देवाला ॲडव्हान्स देऊया."

सर्जन खूश. "एकाच बाजूचे केस काढले तरी चालतील."

आज्जी उसळली, "अर्धं जावळ करत्यात व्हय कुटं?"

आणि जावळ म्हटल्यावर मामाची मांडी पाहिजे! मामा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कामाला. अर्धी शिफ्ट टाकून मोटरसायकलवर आला, हात काळेकुट्ट. नर्सनं त्याला कोपरापर्यंत साबण लावायला लावला. ड्रेसिंग रूममध्ये त्याच्या मांडीवर जावळ झालं. समूनं आपल्या डोक्यावरनं हात फिरवला, मग मामाच्या टकलावरनं. "मामा, आता तुझं नि माझं सेम!"

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला नेतानाही तिची बडबड चालूच. दार लागल्यावरही आवाज येत होता. तो ऐकू यायचा बंद होईपर्यंत तिची आई तिथनं हलली नाही.

* * *

ऑपरेशन छान झालं. फिट थांबल्या. आणि समूचं बोलणंही थांबलं.

सगळं कळायचं, पाणी हवं तर बोट दाखवायची, पण शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक येईल परत, वाट बघा." त्या 'बहुतेक'वर घर दिवस काढत होतं. आप्पांनी मराठीतनं बोलून बघितलं, कानडीतनं बघितलं, शेवटी हिंदीतनंही बघितलं. मामानं तर भर वॉर्डात गाढवाचा आवाज काढला. वॉर्डातली सगळी पोरं खिदळली, समू नुसती बघत राहिली.

खालनं सिक्युरिटीवाला मात्र काठी घेऊन धावत आला!

* * *

काही आठवड्यांनी समू तपासणीला आली. फिट एकही नव्हती, शब्दही नव्हता. झोपेतला ईईजी काढायचा होता. त्यासाठी पोराला आदल्या रात्री जागवून आणावं लागतं. ती जबाबदारी आज्जीनं घेतलेली, रात्रभर गोष्टी सांगून.

मी तारा लावल्या, समूला आज्जीच्या कुशीत झोपवलं, दिवा मालवला. आई, आप्पा, मामा भिंतीला चिकटून उभे. मी दम दिला, "कुणी आवाज केला तर त्याला बाहेर काढीन!"

सगळे चिडीचूप. मी स्क्रीन बघतेय तर पोरगी टक्क जागी. झोप लागली होती ती आज्जीला! आणि साधीसुधी नव्हे, खिडकीची काच थरथरावी अशी.

तेवढ्यात अंधारातनं बारीक, अडखळत आवाज आला.

"आज्जी... लई... घोरालीस गं."

आईनं तोंडात पदर कोंबला. आप्पांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. दम देणारी मी, माझ्याच हातातनं पेस्टचा डबा पडला.

आज्जीनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. नातीच्या पाठीवर एक थाप मारली आणि खेकसली,

"झोप की आता! किती बोलतीस!"