दोन ठोके

दाजींच्या गॅरेजात एक नियम आहे: दाजी गाडीखाली असले की कोणी बोलायचं नाही. ताई जॅकपाशी बसते. खालून पान्याचा एक ठोका आला की जॅक वर, दोन आले की खाली. यांचा संसारही असाच चालतो, असं मी म्हणते आणि दोघांचंही बोलणं खाते.

त्या दिवशी एका गाडीला भलत्याच गाडीचा गिअरबॉक्स बसवला होता. मागच्या अ‍ॅक्सलवरून पुढे येणारा लांबलचक टॉर्क आर्म, म्हणजे अ‍ॅक्सलला पीळ बसू न देणारा आधार, जुन्या गिअरबॉक्सला जोडलेला असायचा; नव्याला तशी जागाच नव्हती. म्हणून दाजींनी खाली आडवा बीम टाकून त्यावर ब्रॅकेट केला. आता फक्त आर्मच्या भोकाला ब्रॅकेटचं भोक जुळायचं होतं. सकाळपासून ते जुळत नव्हतं आणि दोघांचं भांडणही मिटत नव्हतं.

मी टॉर्च घेऊन वाकले, तर दाजींनी अंदाज घ्यायला चक्क करंगळी भोकात घातलेली! जॅक जरा हलला असता तरी बोट गेलंच असतं.

तेवढ्यात त्यांच्या छातीवरचा पाना घसरला. फरशीवर आपटला, उसळून पुन्हा आपटला. ठण. ठण.

ताईचा हात दांड्यावर गेला.

हात तिथेच थांबला.

दाजी सरपटत बाहेर आले, पांढरेफटक. "दोन ठोके ऐकूनही थांबलीस कशी?"

"सकाळपासून तुमचा एकेक ठोका माझ्या डोक्यात बसतोय," ताई फणकारली. "या दोन ठोक्यांत राग कुठे होता?"