येतो म्हणावं

ओल्या राखेचा वास आला की ती सप्टेंबरची सकाळ आठवते. रिटायर झाल्यावर आम्ही नवरा-बायको हॅमिल्टन शहराजवळच्या पार्कात उन्हाळाभर, मे ते सप्टेंबर, कॅम्पग्राउंड होस्ट असायचो, म्हणजे तंबू टाकून राहणाऱ्यांची देखभाल करायचो; पगार नाही, राहायची जागा तेवढी फुकट. दरवर्षी बायकोबरोबर येणारे एक मराठी गृहस्थ त्या वर्षी एकटेच आले. दोन दिवस पाऊस होता, त्यांची लाकडं नुसती धुमसत राहिली. निघताना म्हणाले, "जातो." माझी बायको सवयीनं म्हणाली, "जातो नाही हो, येतो म्हणावं." खुर्चीची घडी घालत त्यांनी विचारलं, "कुणाबरोबर, वहिनी?" ते पुन्हा आले नाहीत. परवा मी एकटाच जाऊन होस्टचं जॅकेट परत केलं. निघताना तोंडून "जातो" गेलं. टोकायला शेजारी कुणी नव्हतं.