गल्लीचं वरचं कोर्ट

माणसाला त्याच्या स्वतःच्याच घरापासून वाचवायला कुणीतरी हवं, असं मानणारा आणि त्यासाठी रोज संध्याकाळी बाज टाकून बसणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा मूळचे उमरीचे, लातूरला शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. नांदेडहून माझी बदली झाली तेव्हा आम्ही त्यांच्याच माडीवर बिऱ्हाड थाटलं. युरोपातल्या देशांनी मिळून सगळ्यांच्या वर एक कोर्ट नेमलंय, आणि सरकारनं हक्क मारला तर साधा माणूस तिथं आपल्याच सरकारला उभं करू शकतो, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. "आन् सरकार गुमान ऐकतं, जावईबापू," हे सांगता सांगता त्यांचा चहा निवून जायचा.

मग भूकंप झाला. पलीकडची गावंच्या गावं गेली. आमची गल्ली उभी राहिली, पण छताखाली झोपायची कुणाची छाती होईना. कित्येक महिने सगळी गल्ली बाहेर बाजांवर झोपायची, त्यामुळे घराघरातलं सगळं उघड्यावर आलं. समोरच्या सुनेच्या वाट्याला सगळ्यांच्या मागून गार भाकरी येते, हे गल्लीला तेव्हा दिसलं. मामांनी बाजेवरूनच जाहीर केलं, "गरम खाणं हा मूलभूत हक्क हाय. घर कुणाचं का असंना." त्या दिवसापासून आमच्या गल्लीवर कोर्ट बसलं.

नियम कडक होते. प्रत्येक घर म्हणजे स्वतंत्र राष्ट्र. वरणात गूळ घालायचा की नाही हा ज्याचा त्याचा अंतर्गत प्रश्न, कोर्ट त्यात पडणार नाही. पण झोप, गरम जेवण आणि आपलं म्हणणं मांडणं, एवढं कुठल्याही घराला हिरावता येणार नाही. शिवाय आधी घरात भांडून यायचं. घरचे चष्मा लपवतात अशी तक्रार घेऊन एक आजोबा आले, तर मामांनी त्यांना परत पाठवलं. "सुनेशी भांडलात? लेकाशी? निदान बायकोशी? घरातले समदे मार्ग संपवून या." आजोबा इमानानं सगळ्यांशी भांडले आणि त्या झटापटीत चष्मा उशीखाली सापडला.

कोर्टाकडे पोलीस नव्हते. शिक्षा एकच, हरलेल्याला त्या संध्याकाळी गल्लीत कुणी "झालं का जेवण?" असं विचारायचं नाही. हसू नका, मी ती भोगलीय. पहाटे मोठ्यानं पेपर वाचतो म्हणून हिनं माझ्यावर दावा लावला. "जावईबापू, मान तुमचा, पण झोप तिची," मामा म्हणाले. त्या संध्याकाळी मी भरल्या पोटानं गल्लीभर फिरलो, पण एक माणूस विचारेल तर शपथ.

पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं आणि मामांचं डोकं फिरलं. आपल्या मुलीला डॉक्टर करायचं म्हणून भल्या पहाटे ते स्वतः तिचं पांघरूण ओढू लागले. झोपेच्या हक्काचं काय, विचारलं तर म्हणायचे, "सध्या आणीबाणी हाय."

एका संध्याकाळी मुलगीच बाजेसमोर येऊन उभी राहिली.

"अण्णा, माझी तक्रार हाय. आपल्या घरावर. मला डॉक्टर व्हायचं न्हाई. किनवटकडं आश्रमशाळेत शिकवायचंय."

"आधी घरात भांडलीस का?"

"रोज भांडून राहिले. तुमी ऐकूनच घेत न्हाई."

मामा बाजेवरून उठले. स्वतःच्या खटल्यात स्वतः कसं बसायचं, म्हणून त्यांनी समोरच्या सुनेला तिथं बसवलं आणि राष्ट्राची बाजू घसा बसेपर्यंत मांडली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पदर सावरत म्हणाली, "गुरुजी, तुमचं घर हारलं."

त्या संध्याकाळी मामांना कुणी काही विचारलं नाही. नियम तो नियम, म्हणून मामीही गप्प राहिल्या. एवढा बोलका माणूस बाजेवर मान खाली घालून बसलेला बघून माझा जीव तुटत होता. शेवटी मुलगीच बाहेर आली, शेजारी बसली आणि म्हणाली, "अण्णा, झालं का जेवण?"

"कोर्टाचा अवमान करून राहिलीस," मामा म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसले. पुढं किनवटला तिची ट्रंक पोचवायला तेच गेले.

आता त्या गल्लीत हॉस्टेलंच हॉस्टेलं आहेत. लोखंडी फाटकामागं कोण राहतं ते शेजाऱ्यालाही ठाऊक नसतं. कुणीच कुणाला जेवणाचं विचारत नाही, सगळ्या गल्लीलाच शिक्षा झाल्यासारखं वाटतं. मामा अजूनही संध्याकाळी बाज टाकतात, पण तक्रार घेऊन कुणी येत नाही. किनवटहून फोन येईपर्यंत ते ताटावर बसत नाहीत, मामी कितीही ओरडल्या तरी. फोन वाजला की ताठ होतात, पलीकडचा प्रश्न ऐकून घेतात आणि उपाशीपोटी सांगतात, "झालं की. तुझं?"