कातोनं दिलेलं उत्तर

पाहुणा परक्या भाषेत बोलतोय आणि शेजारी उभा राहून कोणीतरी तुम्हाला त्याचं मराठी करून सांगतोय — तो तेच सांगतोय, हे तुम्ही कशावरून मानता?

तो सांगणारा एकदा मी होतो. त्या संध्याकाळी मी काय केलं, ते आजवर कुणालाही सांगितलं नाही. आईला नाही. कातोला तर नाहीच.

कातो युगांडाचा. नगरला माझ्याबरोबर कॉलेजात होता. केडगावला आमच्या घरी यायचा, ठेचा खाऊन डोळे पुसायचा आणि पुन्हा ठेचाच मागायचा. त्याचं मूळ राज्य बुगांडा. इंग्रजांनी एकोणीसशे साली त्या राज्याशी करार केला. ज्या जमिनीत घराण्यांचे पूर्वज पुरलेले होते, ती कागदावर वाटली गेली. कातोचे पणजोबा आपल्याच शेतात खंड भरणारे कूळ झाले — आईबापाच्या थडग्यांशेजारी.

हे ऐकून मी पेटलो. आमच्या घरात पुस्तकं कमी, पत्रकं फार. वडील प्रत्येक जयंतीहून पिशवीभर आणायचे. त्यांवर बोट ठेवून मी अक्षरं शिकलो. पत्रकात शत्रू स्वच्छ दिसतो — तो तिकडं, आपण इकडं. कातोची गोष्ट मला तशीच वाटली. मी त्याला आईच्या माहेरी, काष्टीच्या पुढच्या गावात, जयंतीच्या भाषणाला नेलं.

गावात तेव्हा दुसरंच चाललं होतं. आपल्या बौद्ध घरांनी दोन पिढ्या कसलेलं गायरान सोलर कंपनीला हवं होतं. 'आमची हरकत नाही' अशा कागदांवर सह्या आणि अंगठे घेणं चालू होतं. घेत कोण होतं? माझे मामा. त्याच गायरानासाठी ज्यांनी एकेकाळी मोर्चा काढला, ते. कंपनीच्या गाड्यांचं आणि पहारेकऱ्यांचं काम त्यांना मिळणार होतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. माझं पहिलं पत्रक मामांनीच छापून दिलं होतं.

फुलामावशी, आईची चुलत बहीण, तेवढी अडून बसली होती. ती काय करते ते बघून आणखी काही घरं थांबली होती.

समाजमंदिरापुढं कातो बोलला, मी मराठी करत गेलो. शेवटी मावशी उभी राहिली. "साहेबानं साहेबाची सही केली, ते समजलं. पन ह्यांच्या बाजूनं कुनी केली रं?"

"मावशे, तुला जायाचंय का तिकडं अंगठा द्यायला?" मागून कुणीतरी ओरडलं. हशा झाला.

"तू गप रं. पावन्याला विचारलंय म्या."

मी प्रश्न कातोला सांगितला. तो म्हणाला — राजा तेव्हा लहान मूल होता. आमच्या बाजूनं सही आमच्याच सरदारांनी केली. त्या बदल्यात त्यांना मोठाल्या जमिनी मिळाल्या. माझ्या पणजोबांची जमीन गोऱ्याकडं गेली नाही. ती आमच्याच माणसाकडं गेली, म्हणून तर कुणाला भांडता आलं नाही.

मामा पहिल्या खुर्चीत होते. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही — मोबाईल बघत होते. मला कुणी डोळे दाखवले नाहीत. कुणी दम दिला नाही. मग?

मग मी माईकमध्ये म्हणालो, "साहेबांनी बंदुका रोखल्या होत्या. कुणाचं काही चाललं नाही."

माझ्याच तोंडून ते कसं निघालं? इतकं सहज? लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी मान हलवून खाली बसली.

परतताना कातो म्हणाला, मी एवढं बोललो आणि तू दोन वाक्यांत सांगितलंस, तुमची भाषा छान आटोपशीर आहे. मी हसलो. हो — हसलो.

थोड्याच दिवसांत कळलं, मावशीनं अंगठा दिला. मी रागानं तिच्या दारात गेलो. माझा राग बघा! "मावशी, तू तरी का दिलास?"

"आरं, तूच सांगितलं न्हाई का माईकवर? कुनाचंच काय चाललं न्हाई, मंग माजं काय चालायचं? आन् तुजा मामा काय परका हाय व्हय? बस, च्या टाकते."

तिनं कंपनीचं ऐकलं नव्हतं, मामांचंही नाही. तिनं माझं ऐकलं होतं. तेव्हा तरी बोलायचं होतं. कपात चहा होता, समोर ती होती, आणखी कुणीही नव्हतं. मी चहा पिऊन निघून आलो.

थांबलेल्या घरांनीही अंगठे दिले. आज गायरानावर तारेचं कुंपण आहे. मावशी रोजानं आत जाते आणि स्वतःच्या वावरात उभ्या केलेल्या सोलरच्या काचा पुसते. रोजाचे पैसे मामांच्या हातून मिळतात. मी त्या कंपनीवर पत्रकं लिहिली, लोक त्यांना जहाल म्हणतात. त्यांत कंपनी आहे, सरकार आहे. मामा एकाही पत्रकात नाहीत. मीही नाही.

येत्या रविवारी मी मावशीकडं जाणार आहे. हे तिला वाचून दाखवणार आहे, मामांना समोर बसवून. ती काय म्हणेल ते तिचं.

तुमच्याही गावात एखादी बाई असेल — वाचता न येणारी, अजून अंगठा न दिलेली. तिला हे मोठ्यानं वाचून दाखवा. कातोचं उत्तर आलं की थांबा, आणि तेवढं पुन्हा एकदा वाचा.